आमच्यात

सेकंडहँड गाडी, पन्नाशीत मिळालेलं लायसन्स,
शेजारी गौराक्का, आईची थोरली बहीण,
मांडीवरचा डबा घट्ट धरून,
जणू ब्रेक त्यातच आहे.
रंकाळ्याला वळसा घालताना म्हणाली,
"ह्यो बघून झालाय. पुढं चल."

फुलेवाडी सरली. दोन्हीकडून उसाच्या भिंती,
मधेच एखादं गुऱ्हाळ: काहिलीवर पांढरी वाफ,
चुलवाणात चिपाडं ढकलणारा उघड्या अंगाचा माणूस,
आणि काच खाली करताच आत आलेला वास,
जो नंतर दोन दिवस सीटमधून गेला नाही.

बीड. ते दूरचं, जिल्ह्याचं नव्हे; हे आपलं, नदीकाठचं.
म्हणतात, इथं राजधानी होती कुण्या काळी.
म्हणतात, पावसाळ्यात चिखलात सोन्याचं नाणं वर येतं.
मी गाडी थांबवली इतिहास बघायला.
इतिहास वाटेच्या कडेला उभा होता:
एक वीरगळ. खाली लढाई, मधे अप्सरा,
वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला तो,
आणि त्याच्या कमरेला म्हशीचं दावं.
म्हैस रवंथ करत होती. वीराची तक्रार नव्हती.
एक पोरगं म्हणालं, "मला घावलावतं नाणं."
"मग?"
"पाच रुपयाचं निघालं."
गौराक्का इतकी हसली की डब्याचं झाकण वाजलं.

पुढं रस्ता अरुंद, डोंगर जवळ,
दूध डेअरी, देऊळ, तालीम,
तालमीच्या भिंतीवर निळ्या रंगातला मारुती, शेपूट पोपडलेलं.
"धामोड आलं," फाटा दिसायच्या आधीच ती म्हणाली.
आणि एका वळणाला तुळशीचं पाणी उघडलं,
एवढं, की मी गिअर बदलायची विसरले.
मी सुंदरसं काहीतरी बोलायला शोधत होते.
तिनं पदर डोक्यावर घेतला.
सासरची शीव लागली होती.

"हितनं डावीकडं. आमच्यात जायचं तर हितनं."
फोनमधली बाई म्हणत होती, सरळ.
पडद्यावर डावीकडं नुसतं निळं.
मी डावीकडं वळले.

जुनं डांबर, मधून फुटलेलं गवत,
आकडा पुसलेला मैलाचा दगड.
रस्ता उतरत गेला आणि न थांबता पाण्यात शिरला,
म्हशी शिरतात तसा.
हँडब्रेक ओढला, चाकामागं धोंडाही लावला.

आपल्याकडं घराला कुणी फारसं घर म्हणत नाही.
आमच्यात या, म्हणतो. आमच्यात आज मटण आहे.
चाळीसच्या वर वर्षं झाली तिला वसाहतीत,
सरळ गल्ल्या, प्लॉट नंबर बावीस, दारात नळ.
त्याला ती 'प्लॉटवर' म्हणते.
आमच्यात म्हणजे हे,
ती पाणकोंबडी पोहते आहे त्याच्या खाली.

"त्या वाळक्या झाडाच्या सरळ रेघंत चावडी.
अलीकडं आमचं जोतं.
जातं ऱ्हायलं. उचलंना.
सासरा म्हणला, तिकडं गिरण हाय."

मग डबा उघडला. दहीभात.
एक घास पाण्यात सोडेल असं मला वाटलं.
सोडला नाही. सगळा खाल्ला, बोटं चाटून,
आणि हात त्या पाण्यात धुतले.
"गार हाय," म्हणाली. "आडाचं बी असंच व्हतं."

परतताना अंधारलं. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या,
कारखान्याला निघालेला ऊस, कण्हत.
चढाला एक सायकलवाला उतरून चालत होता,
तोही पुढं गेला.
"शेजारी घे," गौराक्का म्हणाली.
"अगं, लायसन्स नवीन आहे."
"घे की गं."
घेतली. काच खाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई
कमरेपर्यंत खिडकीबाहेर, पदर पाठीमागं कुठंतरी,
दोन्ही हातांनी ओढतेय,
आणि उपसून आत आला अख्खा ऊस
माझ्या नाकासमोरून, टोक माझ्या खिडकीबाहेर.
मी ओरडले, की हसले, आठवत नाही.

"तू खा," धापा टाकत ती म्हणाली,
"माझं दात प्लॉटवर ऱ्हायल्यात."